आरोपीचाही एक प्रश्न

आमच्या घरात मुले आणि मुली एका खोलीत बसून खेळणार असतील, तर त्या खोलीत माझी खुर्ची असेल, अशी अट मी पहिल्याच दिवशी घातली. माझी नात अदिबा हिने ती एक शब्दही न बोलता मान्य केली. माजलगावच्या फळबाजारात आमिनाबी बागवान यांनी, म्हणजे मी, अट घातली की आडतेसुद्धा तिच्यावर घासाघीस करत नाहीत, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. माझे पती रहमतुल्ला गेल्यानंतर दुकान मी चालवले, आणि पुढे बाजारातले तंटेही माझ्या ओट्यावर मिटू लागले. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. ज्या प्रसंगाबद्दल मला आभार मानायचे आहेत, तो समजायला एवढे ठाऊक असणे आवश्यक आहे.

मुलांचा हा खेळ पत्त्यांचा नाही आणि मोबाइलवरचाही नाही. अदिबाने तो कुठूनसा शिकून घेतला आणि वीस बाजूंचे रंगीत फासे कुरिअरने मागवले. ती एक राज्य रचते. त्याचे नाव नौबतपूर. तिथे काय घडते आहे ते ती सांगत जाते. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, आपले पात्र काय करील ते तोंडाने सांगतात, आणि ते साधले की फसले हे फासा ठरवतो. माझा नातू तन्वीर, जो एरवी बसस्टँडजवळ मोटारसायकली दुरुस्त करतो, तो या राज्यात नजूमी आहे, भूत-भविष्य पाहणारा. अंगद गदा घेतलेला शिपाई आहे. हा अंगद आमचे शेतशेजारी विठ्ठलराव यांचा नातू. चौथी उज्ज्वला. ती चंद्रा नावाची कुलपे उघडणारी बाई होते आणि फार झोकात होते.

उज्ज्वला ही सटवाची मुलगी. सटवा शिरूर कासारकडचा मेंढपाळ. तिकडच्या कोरड्या माळाला कंटाळून तो काही वर्षांपूर्वी धरणाच्या या भागात आला आणि माझ्या मोसंबीच्या बागेलगतच्या मोकळ्या रानात खोपी घालून राहिला. ज्याच्या रानात मेंढ्या बसतात त्याच्या जमिनीला खत मिळते आणि मेंढपाळाला धान्य मिळते, म्हणून सारे शिवार त्याला बोलावत असे. बाप इथे टिकला म्हणून मुलगी अदिबाच्या वर्गात कॉलेजला जाऊ लागली. उज्ज्वलाचे शिक्षण सटवाच्या खोपीवर उभे आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत ध्यानात ठेवावी.

खेळ रंगे, पण अदिबा रंजीस येई. कारण तन्वीरचा आरसा.

नजूमीजवळ एक मंतरलेला आरसा होता. दिवसातून एकदा त्याला एक प्रश्न विचारता येई, आणि खेळाचा नियमच असा होता की आरसा कधी खोटे बोलत नाही. अदिबा आठवडाभर खपून एखादी चोरी रचायची, साक्षीदार उभे करायची, खुणा पेरायची, आणि तन्वीर मांडी घालून म्हणायचा, "आरशा, चोर कोण?" झाले! सगळी गोष्ट तिथेच आडवी.

"दादी, हा माणूस माझं राज्य बंद पाडतोय," एका रविवारी ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तुम्ही नौबतपूरच्या काझी व्हा. याला काहीतरी कायदा लावा."

"आरसा माझा आहे, नियम तुझाच आहे," तन्वीर म्हणाला. "आता कावून रडतीस?"

मी म्हणाले, "काझी झाले तर माझा निवाडा सगळ्यांना मान्य करावा लागेल. खेळातसुद्धा."

"दादी, तुमचा निवाडा खेळाबाहेर तरी कोण अमान्य करतंय?" अंगद म्हणाला. मुलगा तोंडाळ आहे, पण चूक बोलला नव्हता.

त्याच दिवशी माझ्यापुढे पहिला खटला आला. नौबतपूरच्या सुभेदाराची शिक्का मारायची मोहोर नाहीशी झाली होती. तन्वीरने आरशाला विचारले, "मोहोर कोणी उचलली?" अदिबाने फासा टाकला, आकडा पाहिला, आणि खाली मान घालून सांगितले, "आरशात चंद्रा दिसते."

"संपला विषय!" अंगदने मांडीवर थाप मारली. "चंद्रा हद्दपार. चला, पुढचं सांग."

उज्ज्वला ताडकन उठली. "म्या सांगितलं न्हाई का आधीच? मोहोर बागेतल्या पायऱ्यांखाली पडली व्हती. म्या उचलली, द्यायला चालले व्हते."

"सगळे चोर असंच म्हणतात," तन्वीर म्हणाला. "आरसा खोटं बोलत नाही, बाई. नियम हाय."

"आरसा खोटं बोलत नसंल. पण आरशाला इचारलं कोणी? तू. काय इचारायचं ते ठरवलं कोणी? तू. मंग माझ्या खटल्यात माझं काय काम हाय? मी घरी जाते." आणि तिने चपला शोधायला सुरुवात केली.

मी हातातली तसबीह, माझी जपमाळ, खाली ठेवली. बाजारातल्या तंट्यांत नवस, शपथा, कौल घेऊन येणारे पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना परत पाठवणे सोपे असते. हे खरे कशावरून, एवढे विचारले की पुरे होते. परंतु इथे मुलांनी असे राज्य उभे केले होते, जिथे दैवी साक्ष खरोखरच खरी होती. तिच्यावर शंका घेण्याची वाटच बंद होती. आणि तरीही माझ्यासमोर उभ्या असलेल्या मुलीवर अन्याय होत होता, हे मला स्पष्ट दिसत होते. साक्ष खरी, आणि निवाडा खोटा! असे कसे घडते, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कोणी घातला नव्हता.

"उज्ज्वला, चपला राहू दे," मी म्हणाले. "तुझी मागणी काय आहे, ती अदालतीला सांग."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मला बी आरशाला एक प्रश्न इचारू द्या."

"आरसा माझा—" तन्वीर सुरू झाला.

"आरसा आता अदालतीच्या ताब्यात आहे," मी म्हणाले. "या राज्याचा कायदा लिहून घ्या. आरशाच्या शब्दावरून शोध सुरू करता येईल, शिक्षा देता येणार नाही. आणि फिर्यादीने आरशाला एक प्रश्न विचारला असेल, तर आरोपीलाही एक प्रश्न विचारता येईल. त्याने विचारेपर्यंत खटला उघडा राहील."

उज्ज्वलाने खूप वेळ घेतला. तन्वीर जांभया देऊ लागला तरी तिने घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, "आरशा, म्या उचलायच्या आधी मोहोर कुणाच्या हातात व्हती?"

अदिबाचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. आठवडाभर तिने जे रचून ठेवले होते, ते अखेर कोणीतरी उघडले होते. सुभेदारानेच खोट्या फर्मानावर शिक्का मारून मोहोर पायऱ्यांखाली टाकली होती. आरशाने तन्वीरला खरेच सांगितले होते, पण त्याने जेवढे विचारले तेवढेच. त्या दुपारी नौबतपूरचा सुभेदार पळाला, अंगदने त्याचा पाठलाग केला, आणि माझ्या खोलीत एवढा गोंगाट झाला की खालून माझा मुलगा साजिद विचारायला आला, "अम्मी, सगळं ठीक हाय ना?"

हे सारे मी एक गंमत म्हणून विसरूनही गेले असते. पण त्याच आठवड्यात विठ्ठलराव माझ्या ओट्यावर आले.

त्यांच्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. माणूस संतापलेला होता, आणि रास्त संतापलेला होता. उभ्या उसाला पाणी कसे द्यायचे? त्यांनी नाथा नावाच्या एका नखात पाहणाऱ्याला बोलावले होते. आमच्याकडे ही रीत जुनी आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, असे पायाळू मूल बसवायचे, त्याच्या अंगठ्याच्या नखाला तेलात कालवलेले काजळ लावायचे आणि त्यात पाहायला लावायचे. चोर दिसतो, अशी समजूत. विठ्ठलरावांची धाकटी नात मंगल पायाळू आहे, तेव्हा मूल घरातच होते.

"भाभी, पोरीला साफ दिसलं," विठ्ठलराव म्हणाले. "डोक्याला काहीतरी गुंडाळलेला माणूस. खांद्यावर काहीतरी टाकलेलं. खाली वाकलेला. नाथा म्हणाला, मुंडासं आणि घोंगडी, दुसरं कोण असणार? तुमच्या रानातला धनगर."

"सटवा?"

"त्याला रानातून काढा. आपले तीन पिढ्यांचे संबंध हायत म्हणून आधी तुमच्याकडं आलो. न्हाईतर पोरं त्याचं खोपट मोडायला निघालेत."

अदिबा दाराआडून ऐकत होती. विठ्ठलराव निघताच ती बाहेर आली. "दादी, याविरुद्ध कायदा आहे. नाथावर तक्रार करू या. सरळ पोलिसांत."

"कर. तुला अडवणार नाही," मी म्हणाले. "पण पोलीस नाथाला नेतील. विठ्ठलरावांच्या डोक्यात बसलेला सटवा तिथून कोण नेईल? शिवारात एकानेही त्याच्या मेंढ्या रानात बसवून घेतल्या नाहीत, तर तो खाणार काय?"

मी स्वतः रिक्षा करून बागेत गेले. मला पोहोचायला उशीर झाला होता. सटवाने घोडीवर सामान चढवायला घेतले होते. त्याची बायको रतनबाई भांडी पोत्यात भरत होती. उज्ज्वला खोपीच्या दारात, गुडघ्यांवर पुस्तकांची पिशवी घेऊन, काहीच न करता बसली होती.

"सटवा, कोणाला विचारून निघालास?" मी म्हणाले.

"अम्मा, तुमाला तरास नको. एकदा नाव निघालं की लोकं तोंडावर गोड बोलतेत, पर रानात घेत न्हाईत. शिरूरला जातो. पोरीला मामाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला धाडीन यंदा."

उज्ज्वला मान वर न करता म्हणाली, "दादी, नौबतपूरमध्ये काझी हाय. इथं न्हाई."

हे वाक्य मला लागले. मी काठी जमिनीवर आपटली आणि सटवाला सांगितले, "सामान चढवायचे थांबव. उद्या सकाळी इथेच, चिंचेखाली, विठ्ठलराव येतील, नाथा येईल, मंगल येईल. त्यांनी नखाला एक प्रश्न विचारला आहे. तू आरोपी आहेस. तूही एक विचारशील."

सटवाला काही कळले नाही. उज्ज्वलाला कळले. तिने माझ्याकडे पाहिले आणि पिशवी गुडघ्यांवरून खाली ठेवली.

मी प्रामाणिकपणे सांगते, यातून काय निघेल हे मला ठाऊक नव्हते. नखात काही दिसते यावर माझा विश्वास नाही. परंतु ज्यांचा आहे, त्यांच्याच साक्षीदारासमोर आरोपीला उभे करावे, एवढेच मुलांच्या खेळातून माझ्या हाती लागले होते आणि तेच घेऊन मी निघाले होते.

दुसऱ्या दिवशी शिवारातली बरीच माणसे चिंचेखाली जमली. खेळातली मुलेही आली होती. नाथाने उदबत्ती लावली, मंगलच्या अंगठ्याला काजळ फासले, तोंडाने काही पुटपुटला. सकाळचे ऊन फांद्यांतून खाली येत होते आणि ते तेलकट नख काळ्या काचेसारखे चमकत होते.

"आधी फिर्यादी," मी म्हणाले. "विठ्ठलराव, त्या दिवशी जसे विचारलेत, तसेच विचारा."

विठ्ठलराव नातीसमोर वाकले. "मंगल, बाळा, दिसतंय का कोणी?"

"दिसतंय," मंगल म्हणाली. "डोक्याला गुंडाळलेलं हाय. खांद्यावर काहीतरी हाय. वाकलाय."

जमावात कुजबुज उठली. नाथाने सगळ्यांकडे पाहून मान डोलावली. सटवाचा चेहरा दगडासारखा झाला.

"आता आरोपी," मी म्हणाले.

"मी काय इचारू, अम्मा?"

"जे तुला जाणून घ्यायचे आहे ते."

सटवा पुढे आला, पोरीसमोर उकिडवा बसला आणि तिच्या अंगठ्यावर वाकून नखात स्वतः डोकावू लागला. खरोखरच त्याला पाहायचे होते, की आपण त्यात आहोत का. "पोरी," तो म्हणाला, "त्यो माणूस आता काय करतोय?"

मंगलने बारीक डोळे केले. "आता दुसराच हाय."

"दुसरा?" नाथा म्हणाला.

"हं. मघाच्याला मिशा नव्हत्या. ह्याला मोठ्या हायत." सटवाचा हात नकळत मिशीकडे गेला. "आता मिशीला हात लावला बघा!" मंगल खुदकन हसली. "आता हात काढला!"

चिंचेखालची माणसे आणखी जवळ सरकली. मग अंगद खाली वाकला. "मंगे, आता?"

"आता तू. दात काढतोयस."

मी पुढे झाले. गुडघे दुखतात, पण वाकले. "आणि आता, बेटा?"

"आता दादी. चष्मा हाय."

लोक फुटले. हसण्याचा असा कल्लोळ झाला की मेंढ्या उधळल्या आणि सटवाच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. विठ्ठलराव मात्र हसत नव्हते. त्यांनी डोक्याला पटका बांधला होता, खांद्यावर पंचा टाकला होता आणि त्यांच्या ओठांवर मिशी नव्हती. मंगलने दोन्ही वेळा खरेच सांगितले होते. जो विचारायला वाकला, तो तिला दिसला.

"आजोबा, म्हणजे मोटर तुमीच नेली की!" अंगद ओरडला.

"अंगद!" माझ्या आवाजाने तो जागीच गप्प झाला. "नखात दिसले म्हणून या शिवारात कोणालाही चोर म्हणायचे नाही. सटवाला नाही, आणि विठ्ठलरावांनाही नाही. तुझ्या आजोबांची मोटर गेली आहे, हे विसरू नकोस."

नाथा म्हणाला, "आज दिवस चांगला न्हाई. अवसेला बघितलं तर—"

"नाथा, रतनबाई चहा टाकते आहे. तो घ्या आणि निघा. पुन्हा या शिवारात कोणाच्या लेकराच्या हाताला काजळ लावलेत, तर माझी नात तुमच्यासाठी कायदा वाचून तयार आहे."

"पान क्रमांकासकट," अदिबा म्हणाली.

विठ्ठलरावांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि खाली बसून मंगलचा अंगठा पुसू लागले. काजळ निघता निघेना. बराच वेळ पुसत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "सटवा, आजपासून मेंढ्या माझ्या रानात बसव."

सटवाने मुंडासे सारखे केले. "बसवीन की, मालक. पर आधी तुमी ठाण्यात जाऊन या. माझ्या नावाशिवाय फिर्याद लिहून आणा, मंग मेंढ्या आणतो. माझी मेंढरं लई मानी हायत."

पुन्हा हशा झाला, आणि या वेळी विठ्ठलरावही हसले. अदिबाला बरोबर घेऊन ते त्याच दुपारी ठाण्यात गेले. मोटर अजून सापडलेली नाही. सापडेल किंवा न सापडेल. पोलिसांचे काम पोलीस करतील.

माणसे पांगली तशी मी खोपीकडे गेले. उज्ज्वला घोडीच्या पाठीवरचे सामान उतरवत होती. एका हाताने दोर सोडायची, दुसऱ्या हाताने पाण्याचा माठ सावरायची, आणि दोन्ही तिला एकदम जमत नव्हते. मी तिच्यासमोर उभी राहिले. माझ्याहून लहान माणसाचे आभार मानण्याचा मला सराव नाही. बाजारात लोक माझे मानतात. इथे ती रीत उलट फिरवायची होती.

"उज्ज्वला," मी म्हणाले, "आरोपीलाही प्रश्न विचारू द्यावा, हे तू मला शिकवलेस. या घराचा, या बाजाराचा, इतक्या वर्षांचा माझा जो काही निवाडा आहे, त्यात ते नव्हते. तुझ्यामुळे आले. मी तुझी आभारी आहे. अदिबाची आहे, त्या आगाऊ तन्वीरचीसुद्धा आहे. आणि अल्लाची, की त्याने या वयात मला तुमच्या खेळात बसवले."

तिचे डोळे भरले होते, पण ती धनगराची पोर आहे. हातातले काम सोडत नाही.

"दादी, आभार ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आधी माठ धरा. फुटंल."

मी माठ धरला.